बाबाची पट्टी

(राळेगाव. धर्मपालच्या घरची ओसरी. तो वारला; उद्या त्याचा जलदान विधी. मुलगा संघदीप गिटार घेऊन बसला आहे. समोर गायन पार्टीतला जुना पेटीवाला मारोतराव, पेटी उघडून. धर्मपालची बायको प्रभावती तांदूळ निवडते आहे.)

संघदीप : तुमची पेटीच उतरली हाय, काका. माह्या गिटारीत काही खोट नाही. मोबाइलवर एकएक तार तपासली. हिरवा दिवा लागते.

मारोतराव : लागू दे नं हिरवा दिवा. तुही गिटार बेसूर हाय असं मी कुठं म्हटलं?

संघदीप : मंग बाबाच्या जुन्या रेकॉर्डिंगसंग जुळत काहून नाही? सकाळपासून वाजवून राह्यलो. तिकडून बाबा गातात, इकडून मी वाजवतो, अन् वाटते का दोन लग्नाचे दोन भोंगे एकाच गल्लीत लावले. उद्या भंतेजीचं झालं का मले साऱ्या लोकाईपुढं हे वाजवाचं हाय. बाबाच्या आवाजासंग. त्यायचं आजीवरचं गाणं.

प्रभावती : तुह्या मोबाइलात हाय नं तेच गाणं. तुम्ही दोघं मुकुटबनले कार्यक्रमाले गेलते तवाचं. ते लाव.

संघदीप : ते नाही लावत, माय. त्याच्यात अंतऱ्यात बाबाचा आवाज फाटते. लोकं हासले, ते बी आयकू येते. ते मी कोणाले आयकवत नाही.

मारोतराव : जुनं रेकॉर्डिंग हाय ते माह्या पेटीवरचं. तुही गिटार घरात याच्या आगुदरचं.

संघदीप : म्हणून तर तुमाले बोलावलं. कॅसेटवरून मोबाइलात घेतानी टेप हळू चालला असन काय?

मारोतराव : नाही बापा. हे आयक. ही काळी एक. हा तुह्या बापाचा सा. जिंदगीभर तो इथूनच गायला. आता तू तुहं वाजव. पहिलंच.

संघदीप : ई मायनर.

मारोतराव : मले तुहं ई-बी काही समजत नाही, वाजव तू. हं... पाह्य. पांढरी तीन. त्याचा सा इथं, तुहा सा तिथं. तीन पट्ट्या वर बसला हायेस तू.

संघदीप : म्हंजे मी चुकीचंच शिकलो?

मारोतराव : चुकीचं नाही रे. गाणं तेच हाय, जागा वर हाय. गाणं काही खिळा ठोकून एका जागी बसवलेलं नसते. गाणाऱ्याचा गळा जिथं आरामानं बसते तिथं सा धराचा. बाकीचे सूर आपोआप त्याच्या मांगं येतात. त्यालेच पट्टी म्हंतात. आमाले पेटीवर बसवलं तवा पहिल्या दिवशी हेच सांगतलं होतं.

संघदीप : व्हिडिओवाल्यानं बी सांगतलं असन. पण ते थेरी सुरू झाली का मी पुढं सरकवत होतो. मले गाणं वाजवाची घाई. ई मायनर दोन बोटात बसला, म्हटलं बाबाचं गाणं इथूनच. मले वाटलं गाण्याची जागाच ते असते.

मारोतराव : आपल्या मनानं शिकणाऱ्याचं होते असं. त्याच्यात काही शरम नाही.

संघदीप : पण आता उद्यापर्यंत कसं शिकू सारं नव्यानं? बोटं बसाले मले महिना लागते.

मारोतराव : कायले नव्यानं? बोटं हायेत तिथंच ठेव. साऱ्या तारा सारख्या खाली उतरव. मी पेटीवर सूर देतो.

संघदीप : बस?

मारोतराव : बस.

संघदीप : एवढंच होतं?

मारोतराव : जाड्या तारेपासून सुरू कर. चाल.

संघदीप : थांबा, काका. मंग माह्यासंग गातानी बाबा कुठून गात होते?

मारोतराव : उतरव नं तू तार.

संघदीप : सांगा नं!

मारोतराव : तुह्या जागेवरून. आणखी कुठून गाईन तो?

संघदीप : पण त्यायले तर समजत होतं! साऱ्या तालुक्यात गायलेला माणूस. त्यायले पट्टी समजत नोती काय?

मारोतराव : मी म्हटलं त्याले, पानठेल्यावर. म्हटलं, धर्मा, गळा फाडून घेशीन लेका, पोराले तारा उतरवाले सांग. तर मले म्हंते, "मारोत्या, पोरगं कोणाले न विचारता शिकलं. आत्ता कुठं लोकाईत बसाले लागलं. चुकलं म्हटलं तर गिटार खुंटीले टांगून देईन. जाऊ दे, मीच चढतो थोडा."

संघदीप : तुमी तरी मले काहून नाही सांगतलं?

मारोतराव : शपथ घातली त्यानं. अन् तुह्या गिटारीपाई माही पेटी पार्टीतून गेली, म्हणून मी बी फुगून होतो. खोटं कायले बोलू?

संघदीप : माय, मुकुटबनहून आल्यावर बाबा तुले काय म्हटले होते?

प्रभावती : काही नाही. पायबी नाही धुतले. म्हणे, गळा गेला माहा, आता मी गात नाही. अन् भिताडाकडं तोंड करून निजले.

संघदीप : त्यायले ते मी म्हटलं होतं. यष्टीत. म्हटलं, बाबा, तुमच्यानं आता सूर धरणं होत नाही, मोबाइल काही खोटं दाखवत नाही. ते खिडकीतून भायेर पाहत होते. म्हणे, "होय रे, वय झालं." गळा गेलाच नोता, माय! चांगला होता त्यायचा गळा!

प्रभावती : रड बापा. मातीच्या दिवशी बी नाही रडला तू.

मारोतराव : वहिनी, त्याले पाणी द्या. अन् तू इकडं दे गिटार... नाही, तूच उतरव. तुह्या हातानं. हा सूर. आणखी खाली. आणखी थोडी. बस. आता दुसरी.

संघदीप : ढिल्या पडल्या तारा. आवाज जड येऊन राह्यला.

मारोतराव : येऊ दे. त्याचाबी तसाच होता. हं, झाली आखरी. लावा वहिनी रेकॉर्डिंग.

प्रभावती : मले कुठं येते हे? कुठं दाबू?

संघदीप : त्या त्रिकोणावर, माय.

मारोतराव : आला धर्मा. धर सा. सोडू नको.

संघदीप : जुळलं, काका.

मारोतराव : जुळलं. आता अंतरा येते.

संघदीप : इथंच फाटत होता... आयका नं, काका. किती आरामानं जातात वर. काही जोरच नाही लावत.

प्रभावती : घरी तसेच गात होते ते. आखरीपर्यंत. तू दुकानावर गेल्यावर.