कल्ले उचलून पाहिलेलं घर

आवडाबाई : गादी उचलाला सांग त्याना.

दक्षता : आई, हळू बोला! व्हिडिओ कॉल चालू आहे. महिपतकाका घरमालक आहेत. त्यांना काय गादी उचलायला लावता?

आवडाबाई : का? चार दिस भाड्यानं घर घेतंय ना आपुन? जनम गेला माजा मासली इकन्यात. गिऱ्हाईक पापलेटाचा कल्ला उचलून बघतं, मंग घेतं. वरून समदीच चकचकीत असतान.

महिपतराव : ऐकू आलं बरं का, बाईसाहेब. रास्त आहे तुमचं म्हणणं. ही पाहा, उचलली गादी. अरेच्चा!

दक्षता : काय झालं काका? ढेकूण?

महिपतराव : माझा चष्मा! अहो, महिनाभर शोधतोय. मोलकरणीवर उगीच संशय घेतला मी.

आवडाबाई : बघ, उगाच नाय सांगत मी. शेट, चष्मा लावा आनि नल सोडा आता.

महिपतराव : सोडतो. हे पाणी. ही न्हाणी. आणि इकडे या, खिडकीतून समोर बघा. ग्वाल्हेरचा किल्ला!

आवडाबाई : किल्ला आमच्या कल्यानला पन हाय. दुर्गाडी. रिक्षानं जाऊन येतो आमी.

दक्षता : आई!

महिपतराव : असेल, असेल. आमचा जरा मोठा आहे इतकंच.

दक्षता : काका, मनावर घेऊ नका हं. आम्हाला घर खूप आवडलंय. मुलीला नाताळची सुट्टी आहे, ह्यांनी रजा टाकलीय, कल्याणहून थेट गाडी आहे. फक्त आमच्या सासूबाईंचा हो यायचाय.

महिपतराव : येऊ द्या की. पण आज ठरवा म्हणजे झालं. इंदूरची एक मंडळी मागे लागलीय. मराठी माणसं यावीत म्हणून मी त्यांना थोपवून धरलंय.

आवडाबाई : जेवनाचा काय?

महिपतराव : स्वयंपाकघर तुमचंच समजा. फक्त... शाकाहारी. खाली माझी थोरली बहीण राहते, तिचं कडक आहे सगळं.

आवडाबाई : झाला मंग! दक्षता, ठेव फोन.

महिपतराव : थांबा, थांबा! जरा जवळ या. मोठ्याने बोलता येत नाही मला. गच्चीवर एक चूल आहे. ताई गच्चीवर येत नाही, गुडघे दुखतात तिचे.

दक्षता : अय्या, काका!

महिपतराव : वडील मुंबईला नोकरीला होते तेव्हा सुके बोंबील आणायचे. चुलीवर भाजायचे, वर कच्चा कांदा. आता इथे कोण देणार मला बोंबील? बाईसाहेब, तुम्ही आणाल थोडे?

आवडाबाई : अगो बाय! ह्यो तर आपल्यातलाच निंगाला.

दक्षता : आई, पोट दुखायला लागलं माझं हसून. बस झालं, करते मी बुक.

आवडाबाई : थांब गो. वर चराचा हाय का? मना जिना जमनार नाय.

महिपतराव : खालची माझी खोली तुम्हाला. मी वर झोपेन.

आवडाबाई : पंखा फिरत नाय तुमचा.

महिपतराव : डिसेंबरात ग्वाल्हेरला पंखा? बाईसाहेब, दोन-दोन रजया लागतात!

आवडाबाई : मंग... ती कोपऱ्यातली पन गादी उचला. तिच्याखाली काय हाय बघू.

(दक्षता हसत हसत फोन ओट्यावर पालथा ठेवते. कॉल चालूच राहतो.)

दक्षता : आई, बसा इथे. आता मला खरं सांगा. अलिबागच्या वेळी तुम्हाला गाडी लागत होती. महाबळेश्वरला थंडी. आता इथे त्या बिचाऱ्याने स्वतःची खोली दिली, तरी गादी! सान्वी रोज विचारते, आजी येणार ना? काय आहे तुमच्या मनात?

आवडाबाई : काय नाय.

दक्षता : आई.

आवडाबाई : जागा जाईल गो माजी.

दक्षता : बाजारातली?

आवडाबाई : मंग कंची? सासूनं दिलेली जागा हाय ती. चार दिस रिकामी दिसली का पाचव्या दिशी दुसरीची मासलीची पाटी तिथं. तुजा जयेश पोटात व्हता तरी मी उठली नाय तिथून. तुमाला वाटतं, म्हातारीनं आता आराम करावा. पन ती जागा गेली तर मी कोन? घरात बसून भिंती बघू? भ्या वाटतं मना.

दक्षता : अहो, मग एवढं गाद्या-नळ करण्यापेक्षा हे बोलायचं ना! आणि तुमच्यात रीत आहे की. शेजारणीने तुमची पाटी रोज उलटी मांडून ठेवली की जागा धरलेली. कोणी हात लावत नाही.

आवडाबाई : शेजारीन कोन हाय माजी? रतन!

दक्षता : हां. जिच्याशी तुम्ही आमच्या हळदीपासून बोलत नाही.

आवडाबाई : बोलू कशी? भर मांडवात बोल्ली, आवडाचं मटन कमी परलं!

दक्षता : आई, रागावू नका. पण कमी पडलेलं. माझ्या मामाला नुसता रस्सा मिळालेला.

आवडाबाई : तू पन तिच्यासारखीच!

दक्षता : मला अंदाज होताच, फक्त तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. म्हणून सकाळी मी बाजारात गेलेले. रतनमावशींना भेटले.

आवडाबाई : कोनाला इचारून?

दक्षता : कोणालाच नाही. त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, बिनघोर पाठव तिला, आवडाची पाटी मी रोज मांडीन. फक्त एक अट घातलीय.

आवडाबाई : मटनाची माफी मागू?

दक्षता : नाही हो. त्या म्हणाल्या, मी पण कधी कुठे गेलेली नाय. कवातरी मी जाईन, तवा माजी पाटी तिनं मांडायची.

आवडाबाई : ...असं बोल्ली?

दक्षता : अस्संच. आणि डोळे पुसले पदराने. म्हणाल्या, कोलंबीचा वास लागला.

आवडाबाई : नाटकी हाय मेली. पैल्यापासून.

महिपतराव : बाईसाहेब... माफ करा, फोन चालूच आहे हं. मी गादी धरून उभा आहे. खाली ठेवू का?

दक्षता : अगं बाई! काका, तुम्ही सगळं ऐकलंत?

महिपतराव : ऐकलं. हात भरून आले, पण ठेवून द्यायचा धीर झाला नाही. इंदूरवाल्यांना नाही म्हणून कळवू ना?

दक्षता : आई, बोला. की आधी रतनमावशींना लावू व्हिडिओ? पाटी कुठे मांडणार, कशी मांडणार, नीट बघून घ्या.

आवडाबाई : नको. रतनचा काय कल्ला उचलाचा? बोल्ली ना ती, मंग मांडंल. शेट, ठेवा ती गादी, आमी येतो.

दक्षता : येस! सान्वीला फोन करते! जयेशला करते! काका, बोंबील नक्की हं, आईंच्या पाटीतले!

आवडाबाई : माजे नको. रतनकडून घे. तिचे माज्यापेक्षा बरे असतान.