कठडा कोणाचा

"तुमचे मालक पडलेत, लगेच या," एवढंच नवऱ्याच्या कामावरचा पहारेकरी फोनवर बोलला होता. ती धापा टाकत अपघात विभागाबाहेरच्या बाकावर टेकली. शेजारी दोघे बसले होते. गळ्यात नवऱ्याच्या ओळखपत्रासारखीच ओळखपत्रं होती, विद्यापीठाच्या सौरऊर्जा केंद्राची. ती विचारणार, तोच धाकट्याने तोंड उघडलं.

"गच्चीला कठडा हवा म्हणून तो कधीपासून कानीकपाळी ओरडत होता, सर."

"अरे, पण गच्ची आपली आहे का? ती बांधकाम विभागाची. आपले फक्त पॅनल."

"मग कठडा कोणाचा?"

"तेच तर नियामक मंडळ ठरवणार होतं ना!"

"मंडळ बसलंय कुठे? भौतिकशास्त्रवाले आले की विद्युतवाले उठून जातात."

"अध्यक्षपदावरून जुंपलीय त्यांची. मी पडलो प्रभारी संचालक. मला साध्या सहीचा अधिकार नाही."

"पण मग त्याला पॅनल पुसायला वर पाठवायचंच कशाला?"

"उद्या पाहणी समिती येतेय. धूळ दिसली असती तर?"

"घरी कोण सांगणार, सर?"

"तो कंत्राटावरचा. कंत्राटदार सांगेल."

"त्याचा फोन बंद आहे."

"मग उद्या आस्थापना विभाग कळवेल."

"म्हणजे तो गेला हे त्याच्या बायकोला उद्यापर्यंत कळायचंच नाही?"

"आपण परस्पर कसं सांगणार, बाबा? अंगाशी यायचं... बाई, जरा सरकता का? पाय अवघडलेत माझे."

ती सरकली.

"वर ते एकटेच होते का हो?" तिने विचारलं.