रशियातल्या चर्चमधला दिवा

चहा घ्या, तोवर सांगतो. नात रशियात डॉक्टरकी शिकते, तिला भेटायला गेलो होतो. सौंदडहून निघतानाच ठरवलं होतं, जो देव दिसेल त्याच्यापुढं तिच्या आजीच्या नावानं दिवा लावायचा. बायको जाऊन वर्षही झालं नव्हतं.

नातीनं एका जुन्या चर्चमध्ये नेलं. दारात मी सवयीनं जोडे काढले. आत मेणबत्त्या विकणाऱ्या म्हातारीनं माझ्या मोज्यांकडे पाहिलं, मग डोक्याला गुंडाळलेल्या दुपट्ट्याकडे बोट दाखवलं. तिथं दिव्याऐवजी मेणबत्तीच लावतात, ती काही देईना.

नात म्हणाली, "आबाजी, जोडे घाला अन् दुपट्टा काढा. इथं पुरुषमाणसं उघड्या डोक्यानं जातेत."

"देवापुढं उघडं डोकं? काऊन?"

"रीतच हाय इथली."

"मी पाटलापुढं काढला नाही, साहेबापुढं काढला नाही. चाल घरी."

"आजीसाठी आलो ना आपण?"

मी जोडे घातले. मग दुपट्टा काढून खांद्यावर टाकला. म्हातारीनं मेणबत्ती दिली, मी लावली.

बाहेर आल्यावर नात म्हणाली, "आबाजी, तुमाले उघड्या डोक्यानं पहिल्यांदाच पाहून राहिली मी."

म्हटलं, "तुही आजी रोज पाहे."