शेवट सांगू नका

…खपवा म्हणे! अहो, प्रेम खपवा म्हणे! मी काय साबण विकायला बसलोय? आणि सांगतंय कोण, तर आमचे साहेब, ज्यांनी आयुष्यात किल्ल्यांच्या जुडग्याशिवाय कशावर जीव लावला नाही! बसा ना, उभे का? पुस्तक बदलायलाच आलात ना, देतो बदलून, पुस्तकं कुठे पळून जातायत… नाही, तेच तर दुखणं होतं, पळतच नव्हती! हे माझ्या पाठीमागचं कपाट बघा. सगळ्या प्रेमकथा. प्रत्येक मुखपृष्ठावर एक बाई आणि तिचे केस उडतायत. बंद खोलीत उडतायत! खिडक्या लावलेल्या, पडदे ओढलेले, आणि केस आपले भुर्रर्र… वारा येतो कुठून? पण विचारायचं नाही. प्रेम आहे.

तर साहेब आले, कपाटावरून बोट फिरवलं आणि ते बोट माझ्या नाकासमोर धरलं. "हे काय आहे?" म्हटलं, "धूळ, साहेब." "धूळ नाही, ही तुमची कामगिरी आहे! ही पुस्तकं हलवा, खपवा, काय वाटेल ते करा, नाहीतर कपाट रद्दीत, तिथे परीक्षांची गाइडं आणि तुम्ही तळघरात!" आता तळघर म्हणजे काय, तर जुनी वर्तमानपत्रं. माणूस म्हणून नाही हो तिथे! आधीचा तिथला कारकून निवृत्त झाला, तर त्याच्या निरोप समारंभाला त्यालाच बोलवायचं राहिलं. आम्ही फराळबिराळ उरकून घरी गेलो, तो खाली वर्तमानपत्रं लावतोय!

तुम्हाला सांगतो, अंधाराला मी भीत नाही. उंदरांनाही नाही. पण मला बोलायला माणूस लागतो हो! घरी म्हणाल तर दादा-वहिनीकडे राहतो, लग्न राहून गेलं, कसं राहिलं विचारू नका, राहिलं. रात्री जेवायला बसलो की दादा मोबाइलमध्ये, वहिनी टीव्हीत. मी सुरू करतो, "आज काय गंमत झाली…" की दादा म्हणतो, "हं." अरे, गंमत अजून सांगितली कुठे? सांगायच्या आधीच हा "हं" करून मोकळा! एकदा मुद्दाम म्हटलं, "दादा, आज ग्रंथालयाला आग लागली." तर म्हणतो, "हं. मीठ सरकव जरा." दिवसभरात जे काही बोलायचं ते इथेच, या काउंटरवर. हे गेलं की संपलं.

म्हणून म्हटलं, ठीक आहे, खपवू. खपवा म्हणे! पण घेणार कोण? लोकांना प्रेमकथा पाहिजे असते, फक्त ती हातात दिसायला नको असते. आमचे ते निवृत्त हेडमास्तर आहेत ना, ते कपाटासमोर तासभर घुटमळतात, घसा खाकरतात, छताकडे बघतात, आणि विचारलं की, "छे छे, मला नको! नातीसाठी बघतोय." नात अजून रांगतही नाही! शिंपीकाकांची तर निराळीच तऱ्हा. ते प्रेमकथा घ्यायचे, तिच्यावर बागकामाचं पुस्तक ठेवायचे, दारापर्यंत जायचे, घाम पुसायचे आणि परत येऊन दोन्ही ठेवून जायचे.

अशात एका संध्याकाळी पोस्टातल्या बाई आल्या. एकट्याच असतात त्याही. दिवसभर काचेमागे बसून तिकिटं देतात, आणि काचेला जे भोक असतं ना, तेवढ्यातून लोक त्यांच्याशी बोलणार. म्हणाल्या, "काहीतरी चांगलं द्या." म्हटलं हीच वेळ, थोडी गोष्ट सांगून बघू. "बाई, एक जनावरांची डॉक्टरीण असते. त्याच गावात एक महाउर्मट घोडेवाला. आणि त्याची लाडकी घोडी आजारी पडते…" बाईंनी पर्स काउंटरवर ठेवली, दोन्ही कोपरं टेकली आणि म्हणाल्या, "मग?"

अहो, मग! काय शब्द आहे हो! किती वर्षांत मला कुणी "मग" म्हटलं नव्हतं! आता अशा वेळी माणूस थांबेल का? तुम्ही थांबला असता? मी सुटलो! घोडेवाल्याचा आवाज काढला, डॉक्टरणीचा काढला, घोडी कण्हते तेसुद्धा केलं, "शांतता राखा"च्या पाटीखाली उभं राहून! भांडण, गैरसमज, ताटातूट, शेवटी लग्न, घोडी खडखडीत बरी. बाईंनी डोळे पुसले, पर्स उचलली, "फार फार छान होतं हो," म्हणाल्या आणि गेल्या घरी. आणि पुस्तक? पुस्तक काउंटरवर!

दुसऱ्या दिवशी त्या शिंपीकाकांना घेऊन आल्या. मग हेडमास्तर. ते लांब बसले, पण कान इकडे! रोज संध्याकाळी बाकं ओढून बैठक. मी सांगतोय, हे "मग? मग?" करतायत. मी म्हणजे… काय सांगू, सकाळी दाढी करताना नायकाचे संवाद म्हणायला लागलो. वहिनी दादाला म्हणाल्या, "भावजींना बरं नाही का?" दादा म्हणाला, "हं."

आणि साहेब आले. "अरे वा, गर्दी! किती पुस्तकं गेली?" म्हटलं, "एकही नाही." "एकही नाही? का?" तर हेडमास्तर, आयुष्यभर मुलांच्या चुका काढलेला माणूस, उठून म्हणतो, "नेऊन काय करायचं? शेवट कळतो ना आम्हाला इथेच!" साहेब लालबुंद. "खपवा म्हटलं होतं, वाटा नव्हतं म्हटलं! यापुढे शेवट सांगू नका! नाहीतर तळघर!"

काय करता? खपवा म्हणे! मग मी अर्ध्यावर थांबायला लागलो. तो भिजून दारात उभा, ती कडीला हात लावते, आणि… फट्! पुस्तक बंद. "पुढचं घरी जाऊन वाचा." पहिल्या दिवशी शिंपीकाका इतके चिडले की कात्री हातात नव्हती म्हणून मी वाचलो. पण नेलं हो पुस्तक! सगळ्यांनी नेली. भांडून नेली. हेडमास्तरांनी तर एका वेळी दोन मागितली, दोन्ही नातीसाठी. बघता बघता कपाट अर्धं रिकामं. साहेब खूश! काउंटरवर हात ठेवून म्हणाले, "बघा, आता कशी शांतता आहे! ग्रंथालय वाटतंय!"

शांतता आहेच. बाकं भिंतीला लागली. सगळे आपापल्या घरी, आपापल्या दिव्याखाली वाचतायत. येतात, जुनं ठेवतात, नवं उचलतात, शिक्का, निघाले. मी शिक्का मारतो, धप्, तेवढाच काय तो आवाज. पोस्टातल्या बाई येणार म्हणून परवा मी मुद्दे काढून बसलो होतो. तिने कडी काढायला हवी होती की नको, तो खरंच सुधारला होता का, खूप होतं हो बोलायला. आल्या. म्हटलं, "कसं वाटलं?" "छान." "पण मी काय म्हणतो, तिने कडी…" तर म्हणाल्या, "माझी बस जाईल हो. आणि आता माझं मीच बघून घेत जाईन, मला कळायला लागलंय कुठलं घ्यायचं. तुम्हाला उगाच त्रास!"

त्रास! मला, त्रास! वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. त्यांचं काही चुकलं नाही. खपलं ना प्रेम, मग झालं तर. कपाट वाचलं, मी वर राहिलो, तक्रार कशाची करायची?

तुम्ही कुठलं काढलंत? बघू… हां, दीपगृहवाल्या दोन भावांचं. चांगलं आहे. घरी न्या, निवांत वाचा. थांबा, शिक्का मारतो… शाई बघा वाळलीये… हं.

ती धाकट्याशी लग्न करते. थोरला त्याआधीच बोटीने निघून जातो. झालं, सांगून टाकला शेवट. आता नेऊन काय करणार? ठेवा ते खाली आणि बसा, पहिल्यापासून सांगतो.