तासगावच्या गाडीतली जागा

मुलाने आम्हा दोघांना बोटीच्या सफरीला पाठवलं, हे तुम्हाला माहीत आहेच. पण कोचीला काय झालं ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

बोट तिथे एकच दिवस थांबणार होती. बाजारात आम्ही नवरा-बायको कुठे जायचं यावरून वाद घालत होतो. तेवढ्यात सोनं गाळायच्या दुकानातून हाक आली, "पाव्हणं, कुठलं गाव?"

"तासगाव."

दुकानदार आमच्याच जिल्ह्यातल्या विट्याचा निघाला. म्हणाला, "मासेमारीची जाळी बघा, चर्च बघा, पण चारला माघारी फिरा. बोट कुणासाठी थांबत न्हाई. आन् आधी वाईच घरी चला. आईचं माहेर तासगाव हाय. ती आता लय दिवसाची सोबती न्हाई."

म्हातारी खाटेवर होती. गावाचं नाव ऐकताच उठून बसली. "दादानं मुराळी धाडला व्हय मला न्यायला? किती वाट बघायला लावली रं!"

तिचा दादा कधीच वारला होता, हे दुकानदाराने दारातच सांगितलं होतं. तिने माझा हात सोडलाच नाही. चार वाजता दुकानदार माझ्या कानात म्हणाला, "गाडी लागली का बघून येतो म्हणा, आन् निघा."

मी तसं म्हणालो. तिने उशाखालचा रुमाल माझ्या हातात दिला. "लय गर्दी असती. खिडकीतनं टाक, आन् माझी जागा धर."

बोट सुटली तेव्हा डेकवर आमच्या दोघांच्या मधल्या खुर्चीवर तो रुमाल होता. एकाने विचारलं, "इथे कुणी बसलंय का?"

"व्हय," बायको म्हणाली, "येत्यात त्या."