परजीवीचं पांघरूण

भाचीला ऑपरेशनसाठी आत नेलं होतं. बाहेर बसलेल्या मावशींच्या कानावर शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याचं बोलणं पडत होतं. आता त्या बाईंच्या ऑपरेशनची पाळी होती.

“हात गार पडलेत तुझे.”

“मग बोला काहीतरी.”

“आपण प्रयोगशाळेत अभ्यासायचो, तो रक्तात राहणारा परजीवी आठवतो?”

“न आठवायला काय झालं? अंगावरचं प्रथिनांचं पांघरूण आत ओढायचा, चिकटलेल्या अँटीबॉडी पचवायचा आणि तेच पांघरूण झटकून पुन्हा अंगावर घ्यायचा.”

“मी म्हणायचो, नवं विणतो.”

“महिनाभर भांडलात. शेवटी मी त्या पांघरुणालाच चमकता रंग लावला, तर आत गेलेला रंग पुन्हा बाहेर दिसला.”

“तेव्हा तू हसलीस आणि मी गेलो कामातून.”

“हे आज सांगताय होय?”

नर्सने हाक मारली. बाईंनी चष्मा काढून नवऱ्याच्या हातात दिला.

“खिशात कोंबू नका. बाहेर आल्यावर लागेल मला.”