एकेरी शिवणीची पिशवी

...आणि समुद्र कसा होता ते मला विचारू नका! जो येतो तो तेच विचारतो. अगं, दिवसभर समुद्राच्या काठाकाठाने सायकलवर होतीस, कसा होता समुद्र? ओला होता! आणखी काय सांगू? बघितला असता तर सांगितलं असतं ना! डावीकडे खाली समुद्र, उजवीकडे कडा, मधून हातभर रुंदीची पायवाट, आणि मी? मी आपली पुढच्याच्या सीटखाली डोळे लावून... म्हणजे सीटखालच्या पिशवीकडे हो! हसू नका, आधी ऐका तरी.

हल्ली लोकांनी एक नवीन काढलंय. घरात चांगली गादी असताना सायकलला तंबू बांधायचा, स्टोव्ह बांधायचा, कपडे बांधायचे आणि दमायला जायचं. बाइकपॅकिंग म्हणतात त्याला. त्या सामानाच्या पिशव्या आमचे मालक विकतात आणि मी शिवते, घरीच, पायाच्या मशीनवर, पाय पट्टीवर आणि कान पाळण्याकडे. तर मालकांच्या डोक्यात आलं की पाच गिऱ्हाइकांना एक दिवस फिरवून आणावं, पिशव्या वापरून बघतील, आवडल्या तर घेतील, आणि वाटेत काही उसवलंच तर शिवायला हिला पाठवू. ही म्हणजे मी! म्हटलं, "मालक, शाळा सोडल्यावर मी सायकलला हात लावलेला नाही, आणि घरी अकरा महिन्यांचं पोर आहे." तर म्हणतात कसे, "अगं, दिवसभर मशीनवर पायच मारतेस ना? तेच मारायचे. फक्त या वेळेला पुढे जाशील."

पुढे जाशील म्हणे!

मालक स्वतः मात्र जीपने, वरच्या गुळगुळीत रस्त्याने. आणि जाताना त्यांचे नवेकोरे सायकलचे बूट माझ्या पिशवीत कोंबले. का? तर शेवटी दीपगृहापाशी फोटो काढायचा, आपणही सायकलनेच आलो असा!

आता सांगते ते तुमच्यातच ठेवा. पिशवीचा जो पट्टा सीटला अडकतो ना, त्यावर दोन शिवणी लागतात. सगळा भार त्याच्यावर. एका पिशवीची पहिली शिवण घातली, दुसरी घालणार तेवढ्यात पोर रडलं. उठले, घेतलं, थोपटलं, निजवलं, परत येऊन बसले... आणि उचलली ती पुढचीच पिशवी! अर्धवट राहिलेली गेली बाकीच्यांत. आणि हे मला आठवलं कधी? सगळं बांधून, भरून, मालकांची जीप धूळ उडवत निघून गेल्यावर, एक पाय पॅडलवर असताना! एकेरी शिवण, वर सात किलो ओझं, खाली दगडगोटे. पट्टा तुटला की जाणार चाकात, चाकात गेला की सायकल जागच्या जागी, आणि वरचा माणूस? वरचा माणूस डावीकडे! डावीकडे काय आहे ते सांगितलंच मघाशी.

सांगायचं होतंस, म्हणाल. अहो, तोंड उघडलं होतं! पण मशीन मालकांचं. उद्या येऊन उचलून नेलं तर? मग म्हटलं, आपण शेवटी राहू, सगळ्यांच्या पिशव्यांवर नजर ठेवू, पट्टा हलला की ओरडू. बसले बघत. आणि तुम्हाला सांगते, पहिल्या तासात बोटं बधिर झाली, दुसऱ्या तासात मनगटं, तिसऱ्या तासात बसायची जागा. असं वाटायला लागलं की कुणीतरी खाली उशी ठेवलीय... हात लावून बघते तर ती उशी मीच!

गिऱ्हाइकांत एक दातांच्या डॉक्टरीणबाई. वळणावर थांबल्या, दोन्ही हात पसरले. "ताई, बघा हो बघा! कसं वाटतंय?"

म्हटलं, "काही वाटत नाही."

"वा! म्हणजे मन अगदी शांत झालं तुमचं!"

शांत कसलं? दात उपटायच्या आधी तुम्हीच टोचता ना सुई, तसं झालंय! हे सगळं मनातल्या मनात. त्या समुद्र बघत होत्या, मी त्यांचा पट्टा.

दुपारी डबे खायला थांबलो. नणंदेला फोन लावला, पोर तिच्याकडे. "रडतोय का गं?" "छे! खेळतोय." "मला शोधतोय का?" "वहिनी, खरं सांगू? नाही." बरं. आता आईला यावर काहीतरी वाटायला हवं की नको? मला काही वाटलंच नाही. फोन ठेवला, फडकं घेतलं, आणि "धूळ पुसते हं" म्हणत एकेक पिशवी उलटी करून बघितली. डॉक्टरीणबाईंची, दोन शिवणी. शाळामास्तरांची, दोन. नवीन लग्न झालेलं जोडपं होतं, त्यांच्याही दोन-दोन. राहिले कोण? काका! जन्मभर लिफ्टा तपासून निवृत्त झालेले काका. हात पुढे केला तर पिशवीच्या आडवे उभे राहिले. "बाई, तीस वर्षं लिफ्टा पास केल्या मी. माझी वस्तू मी तपासतो. हलवून बघितलीय, काही होत नाही."

काही होत नाही म्हणे! आणि पुढे सगळा उतार!

बाकीचे केव्हाच पुढे निघाले होते. मग काय, मी काकांच्या मागे. "काका, हळू!" मी ओरडले की ते वळून बघणार, "मला मागे टाकतेस काय?" आणि आणखी जोरात! मी ओरडतेय, ते पळतायत, मी "अहो, ब्रेक!" म्हणतेय, ते "हार मान!" म्हणतायत... दोन तास! खाली लाटा फुटत होत्या म्हणे. असतील. मला काकांच्या पिशवीची कड तेवढी दिसत होती, डोळे मिटले तरी दिसत होती.

दीपगृह आलं. काका उतरले, दोन्ही हात वर. मी सायकल टाकली आणि गुडघ्यावर बसून त्यांच्या सीटखाली डोकं घातलं. लोक बघतायत, बघू देत! बघते तर... दोन शिवणी. ठसठशीत.

म्हटलं, मग गेली कुठे एकेरी?

तेवढ्यात मालक आले चपला फटफटवत. "बूट काढ गं, फोटो घ्यायचाय." आणि माझ्या सायकलमागे जाऊन थबकले. माझी पिशवी... अहो, माझी! सहावी! तीही मीच शिवलेली, बाकीच्या पाचांबरोबर! एका बाजूने लोंबतेय, तुटलेला पट्टा चाकाला घासून घासून सुतळीसारखा झालाय, तोंड उघडं, आत काही नाही. मालकांचे बूट गेले, सुई-दोऱ्याचा डबा गेला. मी सगळ्यांच्या मागे, माझ्या मागे कोण होतं बघायला? म्हणजे दिवसभर डावीकडे जाणार होते ती मीच. घरी अकरा महिन्यांचं पोर. हे मला कळलं, शब्द न शब्द कळला, आणि तुम्हाला सांगते, मला काही वाटलंच नाही. उभी राहिले नुसती.

मालक म्हणाले, "हे काय?"

सांगून टाकलं. एकच शिवण होती म्हटलं. पोर रडलं, राहिली.

मालक लालेलाल. मग पट्टा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, आणि हळूहळू चेहरा उजळला हो त्यांचा! "एका शिवणीवर एवढी लांब आली? मग दुसरी घालतेस कशाला? उद्यापासून एकच घाल. दोरा वाचेल!" आणि गेले तसेच चपलांवर फोटोला.

झालं! तेव्हापासून दुसरी शिवण मी चोरून घालते, माझ्या दोऱ्याने. मध्येच पोर रडतं. रडतं म्हणजे टाहो फोडतं! मी हलत नाही. चार बोटं शिवण राहिलेली असते ना. नणंद धावत येते, "वहिनी, पोर एवढं रडतंय, तुला काही वाटतं की नाही गं?"

वाटतं हो, वाटतं... दोरा तोडल्यावर.